कटवड्याची पैज आणि शर्टाचा दोरा

इचलकरंजीत कापडावर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग लागला, तेव्हापासून इथं जन्मलेल्या प्रत्येकाला चिमटीत कापड धरून बोलायची खोड आहे. आमचा कट्टा तर मागांच्या शेडला चिकटूनच. खडखडाटामुळं सगळे एक पट्टी वर बोलतात, नवख्याला वाटतं भांडण चाललंय. त्या रविवारी मात्र खरंच भांडण होतं.

संजू पुण्याहून आला होता. नवा कोरा आकाशी शर्ट. "शंभर टक्के कॉटन, चौदाशे रुपये," हे आम्ही न विचारताच सांगून झालं. दादूनं चहा खाली ठेवला, बाहीची कडा अंगठा नि बोटात धरून चोळली आणि निकाल दिला, "पीसी हाय."

पीसी म्हणजे पॉलिस्टर-कॉटन. आपल्या आजोबांचं टेरिकॉट ते हेच. दादूच्या शेडमध्ये बारा माग आहेत, त्यामुळं त्याचं बोट चुकत नाही असा गावाचा समज. निदान दादूचा तरी. कटवड्याची पैज लागली, हरेल त्यानं सगळ्यांना द्यायचा.

"जाळून बघा की," अण्णा म्हणाले. अण्णा जुने जॉबर, चाळीस वर्षं माग दुरुस्त केले. त्यांना प्रत्येक प्रश्नाला पाना नाहीतर काडीपेटी लागते.

शर्टाच्या खालच्या दुमडीतून एक दोरा लोंबत होता. दादूनं तो तोडला, काडी ओढली. दोरा ज्योतीपासून आक्रसून मागं पळाला, वितळला, काळा धूर सोडला आणि टोकाला मोहरीएवढा कडक मणी झाला. "बघा! कॉटनचा मणी होतोय व्हय? सांग, कटवडा सांग!"

"थांब लेका," रफिक म्हणाला. रफिकचं टेलरिंगचं दुकान. "तू कापड जाळलंस का शिलाई? शिवायचा दोरा पॉलिस्टरचाच असतोय. तुझ्या शंभर नंबरी सुती सदऱ्याला पण मी तोच घालतो. मशीन पळतीय तेव्हा टाका बसायच्या आधी दोऱ्याचा तोच तोच भाग सुईतनं कितींदा मागं-पुढं घासून जातोय. सुती दोरा तापतोय, तुटतोय. कापडातला उभा धागा म्हणजे ताणा काढ, आडवा बाणा काढ, मग जाळ."

पण कापडातला धागा काढायचा तर शिवण उसवायला हवी, आणि संजू चौदाशेचा शर्ट उसवू देईना. काडीपेटी बाकावर पडून राहिली आणि तोंडं सुरू झाली.

दादूचं म्हणणं सरळ होतं. सुती ते कापड, बाकीचं प्लॅस्टिक. "बाटली आणि ह्याचा टी-शर्ट एकाच घाणीतनं निघालंय."

ते बरोबरच आहे, असं मास्तर म्हणाले. मास्तर ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि रविवारीही शिकवतात. पाण्याची बाटली आणि पॉलिस्टर दोन्ही ‘पेट’ (PET) नावाच्या एकाच प्लॅस्टिकचे. १९४१ साली ब्रिटनमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी त्याचा धागा काढला, तिथं त्याला टेरिलीन नाव पडलं. अडीचशे अंशाच्या पुढं तापवून वितळवायचं आणि बारीक भोकांतून दाबून बाहेर काढायचं. "सोऱ्यातनं शेव पाडतात तसं. फक्त ही शेव कितीही लांब."

टेरिलीन म्हटल्यावर अण्णांचे डोळे चमकले. "माझ्या लग्नात टेरिलीनचा सदरा होता. सासऱ्यानं घेतलेला. इस्त्री नको, काही नको, रात्री धुतला की सकाळी अंगात. वीस वर्षं मेला न्हाय तो सदरा. शेवटी हिनं फरशी पुसायला घेतला, तर पाणी ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नुसतं ढकलतोय! टिपतच न्हाय. जुनं धोतर कसं, एका फटक्यात फरशी कोरडी."

मला वाटतं, धाग्यांबद्दल त्या दिवशीचं सगळ्यात कामाचं वाक्य हे होतं. मास्तरांनी त्याला आकडे जोडले. नेहमीच्या दमट हवेत ठेवलेला कोरडा कापूससुद्धा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी हवेतून धरून बसतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. नायलॉन चारेक टक्के, रेशीम अकरा, लोकर सोळाच्या आसपास. घाम आला की सुती सदरा तो पितो. पॉलिस्टर त्याला आत घेतच नाही.

"आत घेत नाही म्हणूनच तर ट्रेकला घालतो," संजू उसळला. "भर पावसात हरिश्चंद्रगड चढ कॉटन घालून. अंगाला चिकटतंय, जड होतंय, वर वारा लागला की दात वाजतात. माझा टी-शर्ट अर्ध्या तासात सुकतो. आणि अण्णा, पुसायचं म्हणाल तर माझ्या गाडीचं मायक्रोफायबरचं फडकं पण पॉलिस्टरचंच हाय. बादली पितंय ते."

अण्णा मास्तरांकडं बघायला लागले. मास्तर म्हणाले, खरं आहे. तिथं धागा पाणी पीत नाही. केसापेक्षा कितीतरी बारीक तंतूंच्या फटींमध्ये ते अडकून राहतं. खेळाडूंच्या टी-शर्टात घामही असाच फटींतून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथं उडून जातो.

"आणि वास?" दादू. "तुझा तो टी-शर्ट गेल्या खेपेला इथं बाकावर वाळत घातला होतास, चहावाल्यानं दूध नासलं म्हणून पातेलं हुंगून बघितलं." यावर संजूकडं उत्तर नव्हतं. पॉलिस्टरला पाणी नको असतं पण तेलाशी त्याची दोस्ती. अंगाचं तेल धरून ठेवतं, जंतू त्यावर पोसतात, धुतलं तरी वास पुरता जात नाही.

पावसावरून विषय घोंगडीवर गेला आणि अण्णा पुन्हा रंगात आले. त्यांच्या वडिलांकडं धनगरी घोंगडं होतं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, टोचरं, जड. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. आमच्या गावात सायझिंग म्हणतात ते हेच, फक्त खळ वेगळी. पावसात त्याची खोळ डोक्यावरून घेतली की आतला माणूस ऊबदार. मास्तर म्हणाले, लोकर तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी शोषेपर्यंत हाताला ओलीशी लागत नाही. उलट बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते. शिवाय केस कुरळा, त्यामुळं आत हवा कोंडलेली. "म्हणजे धनगराला तुझ्या पुण्याच्या दुकानाची गरज नव्हती," दादूनं संजूला टोचलं. त्या दोघांचं हे शाळेपासून चालू आहे, मध्ये पडण्यात अर्थ नसतो.

रफिकला मात्र लोकरीशी देणंघेणं नव्हतं. त्याचं दुखणं रेयॉन. "बायका कुर्ती शिवून नेतात, महिन्यानं परत येतात. भाऊ, आखूड कशी झाली? भाऊ, शिवणीत झिरली कशी? मी काय करू? धोपटून धुतलंय तुम्ही!"

मला इथं पहिल्यांदा कळलेली गोष्ट सांगतो. कापूस ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतो. म्हणून तर पंचगंगेच्या घाटावर पिढ्यान् पिढ्या लुगडी दगडावर आपटून धुतली गेली आणि टिकली. दादूला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. "उन्हाळ्यात शेडमध्ये पाणी मारावं लागतंय. हवा सुकी झाली की सुताचं तुटणं सुरू." रेयॉनचं उलटं. ओलं झालं की ताकद निम्म्याच्या आसपास येते. गंमत म्हणजे दोन्ही एकाच पदार्थाचे, सेल्युलोजचे. पण कापसात त्याच्या साखळ्या लांबलचक आणि दाटीनं रचलेल्या, रेयॉनमध्ये तुटक आणि विस्कळीत. पाणी आत घुसतं आणि त्यांना सैल करून टाकतं.

"मग रेयॉन नैसर्गिक का कृत्रिम?" मी विचारलं, आणि चूक केली. पंधरा मिनिटं गेली. लाकडाचा लगदा नैसर्गिक. तो कॉस्टिकमध्ये मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडशी संयोग करायचा, मग मधासारखा दाट द्राव तयार होतो, तो सोऱ्यातून आम्लाच्या हौदात सोडायचा की धागा. हे १८९२ सालचं इंग्लंडमधलं पेटंट. दादू म्हणाला कृत्रिम, रफिक म्हणाला नैसर्गिक पण नाजूक, मास्तर म्हणाले "पुनर्जात", आणि अण्णा म्हणाले, "उसाची साखर नैसर्गिक का कृत्रिम ते आधी सांगा."

संजूनं पाय बाकाखाली ओढून घेतले. त्याचे मोजे "बांबूचे" होते, तीनशे रुपये जोडी. मास्तरांनी बघितलंच. बांबूचाही लगदाच करतात आणि त्याच सोऱ्यातून काढतात, बहुतेक वेळा ते साधं रेयॉनच असतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००९ साली काही कंपन्यांवर याबद्दल कारवाई केली होती. त्यांचं म्हणणं एवढंच की बांबूपासूनचं रेयॉन असं नाव लावा. संजू मोज्यांबद्दल नंतर बोलला नाही.

ऑगस्ट असल्यामुळं झेंडाही निघाला. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ ला बदल झाला आणि हातसूत, हातमागाबरोबर यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचंही कापड चालू लागलं. दादू तावातावानं बोलला, नांदेडला खादीचा झेंडा विणणारी माणसं आहेत, त्यांच्या पोटाचं काय? अण्णा म्हणाले, पावसावाऱ्यात पॉलिस्टर फाटत नाही, रंग धरतं, आणि पोरासोरांना वीस रुपयांत झेंडा मिळतो. मला दोघांचंही पटत होतं. आजही पटतं.

आगीवरून मात्र कोणाचं दुमत झालं नाही. दिवाळीत फटाके, रोज गॅससमोरचं काम. सुती कापड पटकन पेटतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. पॉलिस्टर ज्योतीपासून मागं सरतं, पण वितळलं की भाजतं ते खोलवर. "आणि पीसी?" रफिकनं विचारलं. मास्तर क्षणभर थांबले. "पीसी कधीकधी दोघांपेक्षा वाईट. कापूस जळून उभा राहतो आणि वितळलेलं पॉलिस्टर त्यात धरलं जातं. समईतली वात आणि तेल."

तेवढ्यात कट्ट्यावर थोडं गप्प झालं आणि त्या गप्पपणात संजूनंच शर्टाची खालची दुमड पुढं केली. "काढ दोरा. होऊन जाऊ दे."

रफिकनं खिशातल्या ब्लेडनं दोन बोटं शिवण उसवली. कापडाच्या कडेतून एक उभा धागा सोडवला, एक आडवा. दोन्ही एवढे बारीक की उन्हात धरल्याशिवाय दिसेनात. दादूनं बघूनच साठ काऊंट सांगितला. काऊंट जितका मोठा तितका धागा बारीक, एका पौंडात ८४० वाराच्या जितक्या लडी बसतील तो काऊंट. साठ म्हणजे पौंडाला पन्नास हजार वारांवर सूत. चौदाशे रुपये कुठं गेले ते थोडं कळलं.

पहिली काडी. ताणा भुरकन पेटला, ज्योत विझली तरी लाल ठिणगी धाग्यावरून चालत राहिली, जळक्या कागदाचा वास. अण्णांनी राख चिमटीत चोळली. पिठासारखी. दुसरी काडी, बाणा. तोच वास, तीच राख. मणी नाही, खडा नाही.

शर्ट शुद्ध सुती निघाला. दादूचं तोंड बघण्यासारखं झालं.

"माझं बोट चुकत न्हाय," तो म्हणाला. "सुती असं कडक, असं गुळगुळीत लागतच न्हाय. आणि सकाळपासून घातलाय तरी चुणी नाही."

मास्तरांनी कॉलरचं लेबल उलटून वाचलं. रिंकल-फ्री. सुती कापडाला चुणी पडते ती घामानं, पाण्यानं साखळ्या सैल होतात आणि वाकड्या जागी पुन्हा जुळतात म्हणून. इस्त्रीआधी पाणी शिंपडतो तेही त्याचसाठी. या शर्टाला रेझिन पाजलं होतं, त्यानं साखळ्या एकमेकींना बांधून टाकल्या. चुणी गेली, सोबत थोडी ताकद गेली आणि थोडं पाणी पिणंही. "आणि विणलंय किती घट्ट बघा," रफिक म्हणाला, "वारा जाईल कुठनं?"

"तरीच," संजू हळूच म्हणाला. "गाडीत लय उकडत होतं."

दादूला तेवढं पुरलं. "बघ! नावाला कॉटन! माझ्या जुन्या मलमलीच्या बंडीत आणि ह्याच्यात एकच कापूस, पण हे घालून माणूस शिजतोय." पैज हरूनही तो जिंकल्यासारखा बोलत होता, आणि तिथंच अण्णांनी, चहाचा ग्लास विसळत, सहज विचारलं, "दादू, तुझ्या मागांवर सध्या काय हाय रे?"

खडखडाट चालूच होता. सगळ्यांनी शेडकडं बघितलं.

"पार्टी बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, देईल ते विणायचं," दादू म्हणाला. "मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळतीय, धागा कसला त्यावर न्हाय."

"तरी?"

"आठांवर पीसी. चारांवर सुती." मग जरा वेळानं, "सुताचा दर आज एक, उद्या एक. पीसीचा ताणा तुटत न्हाय, माग बंद पडत न्हाय. मला काय हौस हाय व्हय?"

कोणी हसलं नाही. संजूनंच कटवड्यांची ऑर्डर दिली आणि दादूनं ती हाणून पाडत पैसे स्वतः दिले. कट तिखट होता, संजूच्या शर्टावर एक थेंब पडला आणि कापडावर मण्यासारखा बसून राहिला. मास्तर रेझिनबद्दल पुन्हा सुरू होणार होते, रफिकनं त्यांच्या हातात पाव दिला.

उठताना रफिकनं उसवलेली दुमड बोटानं चाचपली. "दुकानात ये, दोन टाके घालून देतो. दोरा कसला घालू?"

संजू काही बोलायच्या आत दादूनं गाडीला किक मारत सांगितलं, "पॉलिस्टरचा घाल. सुती तुटतोय."