‘इमिटिनेफ मर्सिलेट’चा मेसेज: खरं किती, खोटं किती

गेली कित्येक वर्षं एक मेसेज घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘ब्लड कॅन्सर बरा करणारं औषध आलं आहे. नाव इमिटिनेफ मर्सिलेट. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ते मोफत मिळतं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ खाली पत्ता आणि फोन नंबर. आईला किंवा वडिलांना ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर निघाला की हा मेसेज एकाच आठवड्यात मामा, आत्या आणि शेजारी अशा तिघांकडून येतो.

निव्वळ थाप असती तर पुसून टाकली असती. पण यात एक खरं औषध आहे आणि एक खरी, नावाजलेली संस्था आहे. म्हणूनच शिकलेली माणसंही तिकिटं काढायला धावतात. तेव्हा एकेक दावा सुटा करून पाहू.

‘औषधाचं नाव इमिटिनेफ मर्सिलेट’

या नावाची गोळी कुठल्याही दुकानात मिळणार नाही. म्हणायचं आहे ते ‘इमॅटिनिब मेसिलेट’. ते नवीनही नाही. अमेरिकेत त्याला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ‘ग्लिव्हेक’चा, म्हणजे नोव्हार्टिस कंपनी विकते त्या याच गोळीचा महिन्याचा खर्च एके काळी सव्वा लाखाच्या आसपास होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचा दावा फेटाळला गेला. आज हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. गोळ्या १०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या येतात. चिठ्ठीवर ‘४००’ असेल आणि दुकानदाराने १०० ची पट्टी दिली तर रोज चार गोळ्या लागतील. हा घोळ होतो, म्हणून पट्टीवरचा आकडा घरी आल्यावर नव्हे, दुकानातच वाचा.

‘ब्लड कॅन्सर बरा होतो’

सगळ्यात मोठं नुकसान या चार शब्दांनी होतं, कारण ब्लड कॅन्सर हा एक आजार नाही. नुसत्या ल्युकेमियाचेच चार मुख्य प्रकार आहेत: ॲक्यूट मायलॉइड (एएमएल), ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक (एएलएल), क्रॉनिक मायलॉइड (सीएमएल) आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक (सीएलएल). इमॅटिनिब मुख्यतः सीएमएलवर चालतं. या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं सदोष जनुक तयार होतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. गोळी त्याच जनुकाच्या प्रथिनाला अडवते. प्रौढांतल्या एएलएलपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात हाच बदल असतो. तिथेही अशी गोळी देतात, पण इतर उपचारांच्या जोडीने. जिथे हा बदलच नाही, तिथे ती रोखणार कशाला?

आता बाकीचे प्रकार बघा. सीएलएलमध्ये अनेकदा काही वर्षं औषधच देत नाहीत, ठरावीक काळाने तपासत राहतात. एएमएलमध्ये पहिला टप्पा म्हणजे सात दिवस सायटाराबिन हे केमोचं औषध, त्यांतले तीन दिवस जोडीला डॉनोरुबिसिन, आणि मग पेशी परत येईपर्यंत जवळजवळ महिनाभर वॉर्डात. एएलएलचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. एएमएलचाच एक पोटप्रकार आहे एपीएल. त्यात हिरड्यांतून, त्वचेखाली आणि कधी मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत माणूस जाऊ शकतो. पण वेळेवर एटीआरए आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधं मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. संशय आला की पक्क्या रिपोर्टची वाट न पाहता एटीआरए सुरू करतात, इतकी घाई असते. अशा रुग्णाला घेऊन कुणी चेन्नईच्या गाडीचं आरक्षण पक्कं व्हायची वाट बघत बसलं, तर दोन दिवसांत काय होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मेसेज आला की डॉक्टरांना ‘हे औषध द्याल का’ विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रकार कोणता? बीसीआर-एबीएलची तपासणी झाली का, आणि तिचा निकाल काय? सीएमएल असेल तर तो कोणत्या टप्प्यात आहे? उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरं मत घ्यायचं झालं तरी पुढचा डॉक्टर हेच विचारणार.

आई किंवा बाबांना खरंच सीएमएल असेल, तर बातमी बरी आहे. या गोळीची मूळ मोठी चाचणी ज्यांच्यावर झाली, त्यांच्यातले सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. मात्र मेसेजमध्ये ‘बरा होतो’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. गोळी आजार दाबून ठेवते आणि ती रोज घ्यावी लागते. कुटुंबाचं खरं काम इथून सुरू होतं.

नेहमीचा डोस दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ जवळजवळ ठरलेली. म्हणून दिवसातल्या सर्वांत भरपेट जेवणाशी तिची वेळ बांधा आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. एकादशी किंवा श्रावणी सोमवारी गोळी चुकू शकते, कारण ‘आज जेवणच नाही’. त्या दिवशी फराळाबरोबर घ्यावी, निर्जळी करू नये. गिळायला त्रास होत असेल तर ४०० ची गोळी साधारण २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, पातळ जुलाब, अंगावर पुरळ हे नेहमीचे त्रास. अनेकांचा रंगही उजळतो. त्याचं कौतुक करणारे भेटतात, पण तो औषधाचाच परिणाम. आठवड्याभरात दोन-तीन किलो वजन वाढलं किंवा धाप लागली तर मात्र अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच कळवा. केस सहसा गळत नाहीत, माणूस कामावर जातो, आजारी दिसत नाही. म्हणूनच सहा महिन्यांनी घरातल्यांचं लक्ष उडतं आणि गोळ्या चुकायला लागतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला २०१० चा अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत हवा तसा खोलवर परिणाम मिळण्याची शक्यता ९४ टक्के निघाली. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर आली. ९० टक्के म्हणजे किती? महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की तिथे पोचलात.

चुकण्याचं कारण दर वेळी विसरभोळेपणा नसतं. पैसे मुलं भरताहेत म्हणून वडील गोळी अर्धी करून खातात आणि कुणाला बोलत नाहीत. पट्ट्या मोजल्या तर हे कळतं: महिन्याच्या सुरुवातीला किती होत्या, आज किती उरल्या. पोलिसी चौकशीच्या सुरात विचारू नका, पण मोजा जरूर. निदान दहा दिवसांच्या गोळ्या शिलकीत असाव्यात, कारण दिवाळीत आणि लग्नसराईच्या प्रवासातच पट्टी संपते.

सुरुवातीच्या आठवड्यांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वरचेवर करतात, कारण पेशी फार खाली गेल्या तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात. मग दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर, म्हणजे रक्तात या जनुकाचं प्रमाण किती ते मोजणारी तपासणी. ढोबळ अपेक्षा अशी: तीन महिन्यांत १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांत १ टक्का, वर्षाने ०.१ टक्का. रिपोर्ट आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर, म्हणजे ‘आयएस’ लिहिलेला हवा आणि दर वेळी एकाच लॅबचा. लॅब बदलली की आकडे ताडता येत नाहीत आणि घरात उगाच रडारड होते. अपेक्षा चुकली तर आधी गोळ्या नीट घेतल्या का ते पाहतात, मग जनुकातले नवे बदल तपासतात. टी३१५आय हा बदल निघाला तर इमॅटिनिबचा उपयोग नाही, दुसरी गोळी लागते. काही वर्षं रिपोर्ट उत्तम आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. निवडक रुग्णांत डॉक्टर ती थांबवून पाहतात. तेव्हा सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर होते, आणि तरीही साधारण निम्म्यांचा आजार डोकं वर काढतो.

सोबतच्या औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटोइन इमॅटिनिबचा असर कमी करतात, क्लॅरिथ्रोमायसिन तो वाढवतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ दिलेला गुळवेलीचा काढा निरुपद्रवी समजू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे, आणि इमॅटिनिबमुळेही यकृतावर लक्ष ठेवावं लागतंच.

‘ते चेन्नईच्या अड्यारला मिळतं’

मिळतं, जसं देशात शेकडो ठिकाणी मिळतं. अड्यारची संस्था डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ मध्ये उभी केली आणि डॉ. व्ही. शांता यांनी आयुष्यभर वाढवली. तिचं काम मोठंच आहे, पण या मेसेजमुळे येणाऱ्या फोनांना उत्तरं देता देता तिलाच खुलासे करावे लागले. महाराष्ट्रातल्या माणसाने परळचं टाटा, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, गोव्यातल्याने बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सोडून तिकडे का जावं? सीएमएलचा रुग्ण वर्षानुवर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायला जाणार आहे, त्यामुळे जवळचं ठिकाण हाही उपचाराचाच भाग आहे.

मुंबईला जावं लागलंच तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांची चौकशी निघण्याआधी करा. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून सहीशिक्क्यानिशी घ्यावा लागतो.

‘आणि मोफत’

‘मोफत’ म्हणजे गेलं आणि पट्टी हातात पडली, असं कुठेच नसतं. महाराष्ट्रात त्याचा रस्ता महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून जातो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि निदानाचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा. मंजुरी उपचाराआधी लागते. बिल भरून झाल्यावर ते पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. रेशन कार्डावर आईचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, किंवा नाव मुलाच्या कार्डातून कमी केलेलं, अशा गोष्टींवर अर्ज अडतो. म्हणून भावंडांपैकी एकाने फक्त कागदपत्रं सांभाळावीत, दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलावं. सगळेच सगळीकडे बोलले की दोन मंजुऱ्या आणि तीन मतं तयार होतात.

‘पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’

ग्रुपवरच्या माणसांना मदत करायचीच असेल तर ती रक्तपेढीत करता येते, विशेषतः रुग्णाला एएमएल किंवा एएलएल असेल तेव्हा. केमोनंतर प्लेटलेट्स १० हजारांखाली जातात आणि एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट्स लागतात. एका पिशवीने साधारण ३० ते ६० हजार वाढतात, साध्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या एका पिशवीने ५ ते १० हजार. पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे साठा करता येत नाही. पहिल्या दिवशी वीस जण येऊन उपयोग नाही, महिनाभर आळीपाळीने येणारे आठ-दहा हवेत. दात्याच्या प्लेटलेट्स दीड लाखांवर हव्यात, हाताची शीर चांगली हवी, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. यंत्रावर तास-दीड तास मोडतो. तोच दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, पण आठवड्यात दोनदाच.

भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी मात्र रांगेत पहिले नकोत. पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर दाता त्यांच्यातूनच निवडला जाऊ शकतो, आणि आधी त्यांचंच रक्त गेलेलं असेल तर रुग्णाचं शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार झालेलं असू शकतं. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त द्यायचंच झालं तर ते विकिरित करून, म्हणजे त्यावर किरणांचा मारा करून द्यावं लागतं, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावरच उलटू शकतात. रक्तपेढीत नातं लपवू नका.

भेटायला येण्यावर मात्र आवर हवा. रिपोर्टवरून जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी किती ते काढा. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर: १२०० आणि ३० टक्के असतील तर उत्तर ३६०. हा आकडा ५०० च्या खाली असेपर्यंत सर्दी-खोकल्याच्या माणसाने दारातूनच परत जावं. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर आधी क्रोसिन देऊन उतरतो का ते बघत बसू नका. वॉर्डला फोन करून तडक निघा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.