शांतता समिती

गणपती जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. त्या समितीत नाव असणं आमच्या तालुक्याच्या गावात पद्मश्रीच्या खालोखाल समजतात. चहा, बिस्किटं, साहेबांशेजारी उभं राहून फोटो. म्हणून डिसेंबरात महोत्सवाची मंडळी घरी आली आणि "सर, तुम्हाला शांतता समितीत घेतलंय" म्हणाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पत्रिका नंतर वाचली. रविवारी सकाळी आठपासून दिवसभर 'विनामाईक मैफल'. आणि शांतता समिती म्हणजे त्या दिवशी सगळ्या गावाला गप्प बसवणारे आम्ही तिघं.

माझी निवड का झाली, ते उघड आहे. मी ३१ वर्षं पीटी शिकवली. माझं 'सावधान' शाळेच्या मैदानावरून रेल्वे फाटकापर्यंत जायचं. शिट्टी मात्र त्यांनी आधीच काढून घेतली. ती कुठल्याच सुरात बसत नाही म्हणे.

ही कल्पना कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची. "बहिणाबाई जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्यांना कुणी माईक दिला होता? बालगंधर्व उमेदीची वर्षं माईकशिवायच गायले ना?" असं ते बैठकीत म्हणाले. त्यावर मंडपवाले बापू शांतपणे म्हणाले, "जात्यासमोर पाचशे खुर्च्या नव्हत्या, सर." मंडप घ्या, गाद्या घ्या, पण स्पीकर नको, हे ऐकल्यापासून बापूंचा चेहरा पंगतीतून उठवलेल्या व्याह्यासारखा झाला होता.

प्राध्यापकांनी मग विज्ञान काढलं. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, म्हणून लोकांनी जवळ बसायचं आणि गप्प बसायचं. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही सांगितलं. आमच्याकडे ५५ डेसिबलला कुजबुज म्हणतात. सासूबद्दल बोलायचं असेल तरच एवढ्या खाली येतात.

रविवारी सकाळी मंडपात दव पडलेलं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरातून उतरलेली, आणि पेटी तर काही कुणासाठी खाली येत नाही. तबलजी हातोडी घेऊन बसले. पंधरा मिनिटं ठाक-ठुक चाललेली पाहून तिसऱ्या रांगेतले एक आबा उठलेच. "हाई ठोकाठोकी घरूनच करी येवानी ना भो!" मी त्यांना बसवलं. तबला लागला, तोवर ऊन मंडपात आलं आणि पुडी पुन्हा चढली.

पुण्याहून आलेल्या बाईंनी तोडी राग सुरू केला. सुरेख गात होत्या, असं पहिल्या रांगेचं मत पडलं. विसाव्या रांगेत नुसते हातवारे पोचत होते. तिथून हाक आली, "आवाज काबरं येत नही? माईक बंद पडना का?" त्याला गप्प करायला मी ओरडलो, तर पहिल्या रांगेतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. हे दिवसभर असंच चाललं. मंडपात सगळ्यात मोठा आवाज शांतता समितीचा होता.

तेवढ्यात घंटागाडी आली, आपलं गाणं वाजवत. तिला वळवली तर मागून भंगारवाला. त्याचं तोंड बंद असतं, आवाज गाडीवरच्या स्पीकरमधून येतो, त्यामुळे विनंती नेमकी कुणाला करावी कळेना. मग सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी. तिच्या भोंग्यापुढे समिती हतबल. पण पेटीवाले नंतर म्हणाले, भोंगा बरोबर तीव्र मध्यमावर लागला होता, आणि तोडीला तो चालतो. रेल्वेनं तरी गावाची लाज राखली.

खरी कसोटी भरितानं घेतली. तीनशे माणसांचं जेवण होतं. मंडपामागं कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची हिरवी वांगी भाजून झाली होती आणि लाकडी मुसळीनं ठेचणं सुरू झालं होतं. धप्प, धप्प. इकडे विलंबित एकताल. मी धावत मागं गेलो आणि हात जोडले. आचारी आप्पा म्हणाले, "सर, वांगं गार झालं तर ठेचलं जात नाही. गाणं गार झालं तर काय होतं?" ह्याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, निदान समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर तरी मारा. सम म्हणजे काय ते मी तबलजींकडून विचारून आलो आणि त्यांना बोटांवर मोजून दाखवलं. आप्पांनी दोन आवर्तनं इमानदारीनं वाट पाहिली, मग मुसळी खाली ठेवली. त्या लयीत भरीत मंगळवारी झालं असतं. शेवटी सगळा ऐवज दोन घरं पलीकडे, गिरणीच्या ओट्यावर हलवला. भरीत-पुरी मात्र अप्रतिम होती. त्या अर्ध्या तासात कुणालाही गप्प बसवावं लागलं नाही.

दुपारी साक्री तालुक्यातले पावरीवाले आले. आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्र-रात्र पावरी फुंकणारी माणसं. भोपळ्याच्या त्या वाद्यात पहिली फुंक गेली आणि विसावी रांग ताठ बसली. बसस्टँडवरून लोक उठून आले. बापू मंडपाच्या खांबाला टेकून बघत होते. "हे असं असेल तर आमचा धंदा बसला," म्हणाले, पण हलले नाहीत.

संध्याकाळी वहीगायनाचे, म्हणजे डफावर खानदेशी लोकगीतं गाणारे म्हातारे बसले. गारठ्यानं डफ मऊ पडले होते, ते त्यांनी आप्पांच्या उरलेल्या निखाऱ्यांवर शेकून घेतले आणि दणक्यात सुरुवात केली. अर्ध्यातच वरात आली. गाडीवर डीजे, मंडपाच्या खुर्च्या थरथरायला लागल्या. मी धावलो, नवरदेवाच्या मित्रांपुढे गयावया केली, त्यांनी मला मधोमध घेतलं आणि नाचवलं. घामाघूम होऊन परत आलो, तर म्हाताऱ्यांनी डफ मांडीवर ठेवले होते आणि चहा पीत बसले होते. पावसाची सर आली की झाडाखाली थांबावं, तसे. वरात वेशीकडे सरकली, त्यांनी पेले खाली ठेवले आणि सोडलेल्या शब्दापासूनच पुढं उचललं. त्यांना कुणी 'शांतता राखा' म्हणायची गरज पडली नाही. म्हणणाराही उरला नव्हता. माझा घसा पावरीनंतरच बसला होता.

सोमवारी बाजारात जो तो विचारत होता, "सर, कसा झाला कार्यक्रम?" मी विसाव्या रांगेला दिसले होते तसे हातवारे केले. भाजीवाल्या मावशींनी त्यावरून दोन किलो वांगी तोलली.