‘मॉर्गेज’मध्ये मरतं कोण?

‘मॉर्गेज म्हणजे मरेपर्यंत फेडायचं कर्ज, शब्दातच मरण आहे’ हा ‘मॉर्गेज’ (घर-जमीन गहाण ठेवून घेतलेलं कर्ज) या इंग्रजी शब्दाबद्दल फिरणारा मजकूर अर्धाच खरा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर्ट’ म्हणजे मृत आणि ‘गेज’ म्हणजे तारण, इथवर ठीक. पण मरतं ते तारण, माणूस नव्हे. (हप्ते भरता भरता जीव मेटाकुटीला येतो, ती गोष्ट वेगळी.) इंग्लंडचे कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी १६२८ साली दिलेली फोड अशी: कर्ज थकलं तर जमीन ऋणकोपुरती (कर्ज घेणाऱ्यापुरती) मेली, फिटलं तर धनकोचा (कर्ज देणाऱ्याचा) तिच्यावरचा हक्क मेला.

बाराव्या शतकातला अर्थ मला त्याहून रंजक वाटतो. गहाण जमिनीचं उत्पन्न धनको खाई. ते कर्जातून वजा होत असेल तर गहाण ‘जिवंत’, होत नसेल तर ‘मृत’.