रेरा नंबर आहे ना, मग झालं!

रेरा नंबर म्हणजे बांधकाम प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक. हे वाक्य गेल्या वर्षभरात फ्लॅट घेणाऱ्या ओळखीतल्या इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

डोंबिवलीच्या त्या 65 इमारती आठवतायत? पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून बिल्डरांनी रेरा नंबर मिळवले आणि फ्लॅट विकले. बऱ्याच लोकांना बँकांनी कर्जंही दिली. 2024 च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. म्हणजे रेरा नंबर होता, बँकेचा शिक्का होता, मूळ परवानगीच नव्हती. तेव्हा 'बँकेने लोन दिलं म्हणजे पेपर क्लिअर' हेही डोक्यातून काढा. बँक आपला हप्ता बघते, आणि तो इमारत पडली तरी तुम्हालाच भरायचा असतो.

मग करायचं काय? महारेराच्या, म्हणजे हा नंबर देणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्ट उघडा, त्यातल्या सीसीचा, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा, नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का विचारा. सुट्टी टाकावी लागली तर टाका. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही बघा. तुमचा फ्लॅट चौदाव्यावर आणि सीसी दहाव्यापर्यंत, असंही असतं. टायटलचा, म्हणजे मालकी हक्काच्या कागदपत्रांचा, तीस वर्षांचा सर्च आपल्या वकिलाकडून करून घ्या. बिल्डर सुचवेल त्या वकिलाकडून नको, कितीही गोड बोलत असला तरी.

सॅम्पल फ्लॅटबद्दल मी काही बोलत नाही. तिथला पलंगसुद्धा नेहमीपेक्षा छोटा असतो म्हणे.

आता पैसे. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि तेही कुणी न फसवता. ठाण्यात 60 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 48 लाख देणार. उरलेले 12 तुमचे. त्यावर 7 टक्के स्टॅम्प ड्युटी 4 लाख 20 हजार (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशन 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख. झाले साडेएकोणीस लाख, आणि यातली स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही. सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि फर्निचर अजून यायचंच आहे. ते भरायला वेगळं पर्सनल लोन काढणारे मी पाहिलेत. ते घर तुम्हाला परवडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हप्ता. 48 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिना साधारण 41,650. पहिल्या हप्त्यातले 34 हजार नुसतं व्याज. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, म्हणून दिवाळीचा बोनस टीव्हीत न घालता तिथे घाला. बायको-मुलं चार दिवस रुसतील.

'आजच बुकिंग करा, उद्या रेट वाढतोय' म्हणणाऱ्याला सांगा, नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, कायदाच आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तयार घर घेत असाल तर आधी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारतीत राहायला जायची पालिकेची परवानगी, मागा. 'ओसी महिन्याभरात येतेय' असं उत्तर आलं, तर टोकन महिन्याभराने देतो म्हणा.