‘कोर्टाचा आदेश आहे, कुत्री उचलून लांब सोडा’ : या मेसेजमधला एकही दावा टिकत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा : सर्वोच्च न्यायालयाने भटकी कुत्री हटवायला सांगितलं आहे, म्हणून सोसायटीने ती उचलून बाहेर सोडावीत; खायला घालणं गुन्हा आहे; लसीकरण शिबिरं फोटोपुरती असतात.

पहिला दावा. 11 ऑगस्ट 2025 चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता आणि 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी, जंतनाशक आणि लस देऊन कुत्रं त्याच भागात सोडायचं. रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळायची. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. त्या यादीत गृहनिर्माण सोसायटी नाही. शिवाय कुत्री पकडण्याचं काम महापालिका, नगरपालिका अशा स्थानिक स्वराज्य संस्थेचं आहे, वॉचमनचं नव्हे. नंतरच्या आदेशाचा दाखला कोणी दिला तर तारीख आणि मूळ प्रत मागा.

लांब सोडल्याने नुकसान आपलंच होतं. लस घेतलेलं कुत्रं जातं, कचरा तसाच राहतो आणि त्या कचऱ्यावर बिनलशीचं नवं कुत्रं येतं. विष घालणाऱ्याला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खायला घालणं गुन्हा नाही, पण कुठेही घालायची मुभाही नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतल्या नियम 20 नुसार सोसायटीने जागा ठरवून द्यायची. ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी, आणि वेळ मुलं व ज्येष्ठांची वर्दळ नसतानाची. गेटवर भात ओतून निघून जाणारे हा नियम मोडतात आणि कुत्र्यांवरचा रोष वाढवतात.

शिबिरांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण निष्काळजीपणे घेतलेलं शिबिर खरंच वाया जातं. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. कुपी थेट बर्फाला टेकून गोठली तर ती टाकून द्यायची. पशुवैद्यकाने दर कुत्र्याला नवी सुई वापरायची. वेळ पहाटेची ठेवा, त्याआधी खाणं देऊ नका; रोज खायला घालणारी माणसंच कुत्र्यांना जवळ आणू शकतात. बॅनर, स्पीकर, गर्दी नको, कुत्री पांगतात. लस दिलेल्या प्रत्येकाच्या अंगावर निरुपद्रवी रंगाची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर मोजा. 20 कुत्री दिसली तर किमान 14 वर खूण हवी, कारण रेबीजच्या प्रसाराची साखळी तुटायला 70 टक्के लसीकरण लागतं. कमी भरली तर राहिलेल्यांसाठी पुन्हा फेरी. कानाची खाच नसबंदी झाल्याचं सांगते, यंदाची लस झाल्याचं नाही. म्हणून नोंदवही ठेवा आणि शिबिर दरवर्षी घ्या.

लस घेतलेलं कुत्रं चावलं तरी जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तिथे आवर्जून विचारा.