काटा काढून टाक, असं तीनदा मागितल्यावर

‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आजारी माणसाला भेटायला गेलो की आपण हे वचन त्याच्या हातात ठेवतो आणि मोकळे होतो. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायातलं हे 9वं वचन. पण 8वं कुणी वाचून दाखवत नाही. शरीरातला हा काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, माझ्यापासून दूर कर, अशी पौलानं प्रभूला तीनदा विनवणी केली होती, असं तिथं लिहिलंय. म्हणजे हे निमूटपणे सोसणाऱ्याला दिलेलं वचन नव्हे. स्पष्ट मागणाऱ्याला मिळालेला नकार आहे तो, आणि नकारासोबत मिळालेला आधार. मागण्याची पायरी गाळून थेट ‘पुरे आहे’वर उडी मारली की मन वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहतं.

काटा नेमका कसला, ते पौलानं सांगितलेलं नाही. डोळ्यांचं दुखणं, ताप, विरोधक असे पुष्कळ अंदाज आहेत, पण मला ती मोघम जागा तशीच राहिलेली बरी वाटते. त्याच वचनात पुढं ‘ख्रिस्ताची शक्ती माझ्यावर येऊन राहावी’ असं आहे. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याची कल्पना आहे. तंबू माणसावर उभा राहतो, पण आतला माणूस तोच, तेवढाच अशक्त. आपल्याला मात्र शक्ती आली म्हणजे अशक्तपणा गेला, असाच हिशेब सुचतो.

आता सगळ्यात मोठी गल्लत. जे ते आपण ‘माझा काटा’ या खात्यात टाकतो. घरच्यांवर खेकसणं हा काटा नाही, ते पाप आहे. तिथं ‘मी असाच आहे, देव सांभाळून घेतो’ चालत नाही, ज्याला दुखावलं त्याच्याकडं जाऊन माफी मागावी लागते. आणि दुसरा कुणी तुम्हाला मारत असेल तर तो तुमचा अशक्तपणा नव्हेच, तो त्याचा गुन्हा आहे. मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये 22 वाचावं. फटके मारायला बांधलं तेव्हा याच पौलानं आपलं रोमी नागरिकत्व पुढं केलं, आणि 25व्या अध्यायात तर थेट कैसराकडं, म्हणजे रोमी सम्राटाकडं दाद मागितली.

मग करायचं काय? आधी कागदावर एकच वाक्य लिहा. ‘मी फार कमजोर आहे’ हे वाक्य कामाचं नाही. ‘चारचौघांत बोलायला उभं राहिलं की माझा आवाज फुटत नाही’ हे कामाचं. मग 13वं स्तोत्र उघडा. वचनं फक्त 6. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल मूळ हिब्रूत चार वेळा येतो, म्हणजे चक्क तक्रार. पुढची दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. आपली प्रार्थना बहुधा 5व्या वचनापासून सुरू होते, म्हणून ती तोंडातल्या तोंडात राहते. तक्रारीची दोन वचनं आपल्या शब्दांत लिहून काढा, अगदी उद्धट वाटली तरी. भरवसा त्या दिवशी आला नाही तर ओढूनताणून आणू नका. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

शरीराकडं बघायला विसरू नका. ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. ‘ऊठ, खा’ म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देव विचारतो तो यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टर गाठायचा, तोही आजच. गोळी घेतल्यानं विश्वास उणा होत नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होताच.

मग एका माणसाला सांगा. एकालाच, संपूर्ण गटाला नाही. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ या वाक्यानं किती गुपितं मंडळीभर फिरली असतील! पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ आहे आणि तीनच वचनं पुढं ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ असंही आहे. ग्रीकमध्ये हे दोन शब्द वेगळे आहेत: एक पाठ मोडणारं वजन, दुसरं ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं. म्हणून सांगताना नेमकी मदत मागा: ‘दवाखान्यात माझ्यासोबत चल’, ‘रविवारी संध्याकाळी फोन कर’.

एवढं करूनही काटा जागेवरच राहिला, तर कुणीतरी हटकून म्हणणार की विश्वास कमी पडला. त्यांच्यासमोर तीमथ्याला दुसरे पत्र 4:20 ठेवा. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, तोच तिथं लिहितो की त्रफिम (त्याचा सोबती) आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही.