तलाव तिथेच आहे, जाळीतून बघा

परत तेच. फाटकाला नवंकोरं कुलूप आणि वर पाटी: 'खासगी जागा, प्रवेश बंद'. आधी उताराची पायवाट गेली, मग गाड्या लावायच्या जागेवर मोठमोठे दगड येऊन पडले, आता हे.

तलाव कुठे गेलेला नाही हो. दिसतोही झकास, जाळीतून. पण आम्हा स्कूबा डायव्हरना, म्हणजे पाठीवर हवा घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांना, त्याचा काय उपयोग? पोहणारा टॉवेल खांद्यावर टाकून कुठूनही उतरेल. आमच्या पाठीवरचा हवेने भरलेला सिलिंडर एकटाच १५ किलोच्या आसपास, कमरेला शिशाची वजनं, अंगात घट्ट वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख. हे सगळं घेऊन निसरड्या दगडांवरून पार पलीकडच्या टोकाला चालत जा म्हणे! आणि वर आल्यावर तीच पायपीट, ओल्या अंगाने. डायव्हनंतर लगेच अंगमेहनत करू नका, रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे व्हायचा धोका वाढतो, हे पहिल्याच कोर्समध्ये शिकवतात. या फाटक बंद करणाऱ्यांना कोण शिकवणार?

'मग बोटीने या ना.' अहो, बोट पाण्यात सोडायचा उतारही त्याच फाटकाच्या आत!

कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, 'कचरा होतो'. कचरा? तळातल्या बाटल्या, गळाच्या दोऱ्यांचे गुंते, एकदा तर अख्खी प्लास्टिकची खुर्ची, हे सगळं वर काढलं कोणी? आम्हीच ना!

६ मीटर खोलीवर आमचा सरावाचा प्लॅटफॉर्म अजून तसाच आहे. नवशिके तिथे गुडघे टेकून मास्क काढायला-घालायला शिकायचे. आता मासे शिकत असतील.